टेबलावर गप्प उभा राहिलेला कुत्रा

"एकदम शांत होता हो, काहीच त्रास दिला नाही." ग्रूमिंग करून कुत्रा परत देताना पार्लरवाला असं म्हणतो आणि मालकाचा जीव भांड्यात पडतो. कुत्रा घाबरट असेल तर मात्र या वाक्यापाशी थोडं थांबायला हवं. घरी कुकरची शिट्टी झाली तरी पलंगाखाली शिरणारा, लिफ्टमध्ये अनोळखी माणूस आला की मालकाच्या पायांत घुसणारा कुत्रा परक्या खोलीत, गळ्यात दोरी आणि कानाशी ब्लोअर अशा अवस्थेत दोन तास शांत राहिला असेल, तर त्याचं नेमकं काय झालं होतं?

पुण्या-मुंबईतच नाही, तर नाशिक, नागपूर, कोल्हापुरातही आता कुत्र्यांची पार्लरं उघडली आहेत. फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या शिह त्झू, ल्हासा आणि पूडलची संख्या वाढली तसं हे होणारच होतं. पार्लर निवडताना बहुतेक जण घरापासूनचं अंतर, दर, इंटरनेटवरचे तारे आणि कापणीनंतरचे गोंडस फोटो पाहतात. कुत्र्याला तिथे कसं वाटलं याचा यातल्या कशातूनही पत्ता लागत नाही. पार्लरं पाहून, ग्रूमर, पशुवैद्य आणि मालकांशी बोलून माझं एक मत पक्कं झालं आहे. कुत्र्याने "नको" म्हटल्यावर हातातलं काम अर्धवट सोडायची ज्यांची तयारी असते, तेच सलून घाबरट कुत्र्यासाठी लायक.

आधी त्या "शांत"पणाबद्दल. 1967 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. आज ते वाचताना अंगावर काटा येतो. काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले आणि ते थांबवण्याचा कोणताच मार्ग त्यांच्या हाती ठेवला नाही. नंतर त्याच कुत्र्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथे बुटक्या आडोशावरून पलीकडे उडी मारली की सुटका होती. त्यातल्या बऱ्याच कुत्र्यांनी उडी मारलीच नाही, ते पडून झटके सोसत राहिले. मानसशास्त्रात याला "शिकलेली असहायता" म्हणतात. जवळजवळ 50 वर्षांनी, 2016 मध्ये, याच दोघांनी मेंदूविज्ञानाच्या नव्या पुराव्यांच्या आधारे आपलं म्हणणं दुरुस्त केलं. त्यांच्या नव्या मांडणीनुसार लांबलेल्या त्रासापुढे गप्प पडून राहणं ही मेंदूची मुळातलीच प्रतिक्रिया आहे. "आपण काही केलं तर फरक पडतो" ही गोष्ट मेंदूला शिकावी लागते.

ग्रूमिंगच्या टेबलासाठी ही दुरुस्ती फार मोलाची आहे. पाय मागे घेतला की कात्री थांबते, हे ज्या कुत्र्याला अनुभवातून कळलं आहे, तो पुढच्या वेळी पाय जरा जास्त वेळ देतो. आपण काहीही केलं तरी कुणी थांबत नाही, हे ज्याला कळलं आहे, तो एक तर चावतो, नाही तर दगडासारखा उभा राहतो. या दगडासारख्या उभ्या राहणाऱ्याचं आपण कौतुक करतो, आणि काळजी वाटायला हवी ती त्याचीच.

खरोखर शांत कुत्रा आणि गोठलेला कुत्रा, यांतला फरक ओळखता येतो. घाबरून गोठलेल्या कुत्र्याचं तोंड घट्ट मिटलेलं असतं, किंवा गरम होत नसतानाही तो जोरात धापा टाकत असतो. डोळ्यांचा पांढरा भाग कडेने दिसतो. शेपूट पोटाखाली, कान मागे, सगळं वजन मागच्या पायांवर. त्याच्या आवडीचं चीज नाकाशी धरलं तरी तो तोंड लावत नाही, ही खूण तर सहज तपासता येते. याच्याही आधीच्या पायरीवर तो जांभया देतो, नाकावरून जीभ फिरवतो, मान वळवतो, एक पंजा उचलून धरतो. नॉर्वेच्या प्रशिक्षक ट्युरिड रुगास यांनी अशा बारीक हालचालींकडे जगभरच्या कुत्रेप्रेमींचं लक्ष वेधलं. आपल्याकडे अजून अनेक ग्रूमर गुरगुरण्याला पहिला इशारा मानतात. तोवर त्या बिचाऱ्याने दहा वेळा सांगून झालेलं असतं.

पुण्यातल्या एका छोट्या पार्लरच्या काचेतून मी एका शिह त्झूचं काम पाहत होते. डोळ्यांखालचे केस कापायचे होते. ग्रूमर मुलीने डाव्या हाताने त्याची हनुवटी खालून नुसती टेकवून धरली होती, पकडली नव्हती. कात्री जवळ आली की तो मान वळवायचा. मान वळली की ती कात्री पाठीमागे नेऊन थांबायची. तो खालची रबरी चटई हुंगायचा, अंग झटकायचा, मग आपणहून हनुवटी परत तिच्या हातात ठेवायचा. तेवढ्यात दोन-तीन केस कापून व्हायचे. डावी बाजू अशी पूर्ण झाली. उजव्या बाजूला मात्र तो काही केल्या येईना. तिने कात्री ठेवली आणि त्याला टेबलावरून उतरवलं. मालकीणबाई न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, एका बाजूचं राहिलंय की." ती म्हणाली, "हो काकू, आज त्याला नको होतं. गुरुवारी पाच मिनिटं घेऊन या, तेवढंच करू." बाई जरा नाराज झाल्या. मला मात्र हवं ते सलून सापडलं होतं.

सलून शोधायच्या आधी एक साधा प्रश्न: तुमच्या कुत्र्याला सलूनची गरज आहे का? आपल्याकडचे देशी कुत्रे, कारवान, लॅब्रॅडोर, बीगल, डोबरमन यांना केस कापून घ्यायची गरजच नसते. घरची अंघोळ, आठवड्याला दोन-तीनदा रबरी ब्रश आणि महिन्या-दीड महिन्याने नखं, एवढं पुरतं. असा कुत्रा घाबरट असेल तर केवळ हौसेखातर त्याला पार्लरमध्ये नेऊ नये. जर्मन शेफर्ड, हस्की, गोल्डन रिट्रीव्हर, पॉमेरिअन आणि आपल्याकडे पॉमेरिअन म्हणूनच ओळखला जाणारा इंडियन स्पिट्झ यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात: आत मऊ लोकर, वर राठ केस. यांना भरपूर विंचरावं लागतं, पण उन्हाळ्यात मशीन लावून भादरू नये. वरचा थर उन्हापासून बचाव करतो. भादरल्यावर केस कधी विरळ, कधी ठिगळासारखे उगवतात. पॉमेरिअन आणि हस्कीत ते महिनोन्‌महिने येतच नाहीत असंही होतं. "मे महिन्यात झिरो कट मारून टाकू" असं जे सलून स्वतःहून सुचवतं, त्याला केसांची जाण नाही. मग स्वभावाची जाण असेल हे कशावरून मानायचं?

शिह त्झू, ल्हासा, पूडल, माल्टीज, कॉकर स्पॅनिएल यांची गोष्ट वेगळी. त्यांचे केस वाढत राहतात, न कापून भागत नाही. यांच्या अंगावर जटा लवकर होतात: कानांमागे, काखेत, जांघेत, पट्ट्याखाली. पावसाळ्यात ओल राहिली की आठवड्याभरात कानामागे नाण्याएवढी गाठ तयार होते. वरवर ब्रश फिरवून ती कळत नाही. लोखंडी कंगवा कातडीपर्यंत घालून ओढला की अडकतो, तेव्हा कळते. जट कातडी ओढून धरते. ती सोडवताना दुखतं, आणि कुत्र्याच्या मनात कंगवा म्हणजे दुखणं हे पक्कं बसतं. फार गाठी झालेल्या कुत्र्याचे केस मशीनने बारीक करून टाकणं हीच त्याच्यावर दया आहे. अशा वेळी "गाठी सोडवून लांब केस ठेवा" असा हट्ट धरणारा मालक कुत्र्याला तासभर यातना देतो. जो ग्रूमर त्याला तोंडावर नाही म्हणतो, त्याचं ऐकावं.

आता भीती कशाची, ते पाहू. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे 45,000 पर्यंत. ब्लोअरची जी घरघर आपल्याला नुसती कटकटीची वाटते, तिच्यात आपल्याला मुळीच न ऐकू येणारे कर्कश स्वरही त्याला ऐकू येत असू शकतात. शिवाय वाऱ्याचा झोत अंगावर आदळतो, आणि शेजारच्या टेबलावर दुसरा कुत्रा भुंकत असतो. ग्रूमिंगमध्ये बरेच कुत्रे इथे बिथरतात, आणि सलूनची परीक्षाही इथेच घ्यावी. चांगला ग्रूमर आधी टॉवेलने पाणी भरपूर टिपून घेतो, म्हणजे ब्लोअरची वेळच कमी होते. कानांवर कापडी पट्टी चढवतो. ब्लोअर लांब ठेवून सर्वांत कमी वेगावर सुरू करतो, मागच्या पायांपासून पुढे येतो, तोंडावर झोत कधीच मारत नाही. आखूड केसांच्या कुत्र्याला पंख्याखाली वाळू दिलं तरी चालतं.

पिंजऱ्यात कोंडून आत गरम हवा सोडण्याची पद्धत जिथे असेल, तिथे पाऊलही टाकू नये, मग बाकी सगळं कितीही चकाचक असो. कुत्र्याचं तापमान मुळात 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. घामाने अंग थंड करण्याची सोय त्याच्याकडे जवळजवळ नाही, तो धापा टाकूनच उष्णता बाहेर सोडतो. 41 अंशांच्या वर गेलं की उष्माघाताने जीव जाऊ शकतो. पग, बुलडॉग, बॉक्सर, शिह त्झू या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापही नीट टाकता येत नाही. त्यात भीतीची धाप मिसळली की धोका दुप्पट. याच कारणाने तोंड करकचून बंद करणारी कापडी मुसकी चार-दोन मिनिटांपलीकडे ठेवू नये. मुसकं लागणारच असेल तर जाळीचं असावं. त्यातून धाप टाकता येते, पाणी पिता येतं, खाऊही देता येतो.

टेबलाच्या खांबाला बांधलेल्या गळ्यातल्या दोरीबद्दल एकच नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. दोरीत अडकवलेल्या कुत्र्याला टेबलावर एकटं सोडून कुणीही क्षणभरही बाजूला जायचं नाही. घाबरलेला कुत्रा उडी मारतो आणि लटकतो. तुम्ही गेलात तेव्हा एखादा कुत्रा टेबलावर एकटा उभा दिसला आणि ग्रूमर काउंटरवर फोन घेत असला, तर तिथूनच मागे फिरा. टेबलावर, बाथटबमध्ये पाय घसरू नयेत म्हणून रबरी चटई आहे का, हेही पाहा. घसरणाऱ्या पायांनी धीट कुत्राही घाबरतो.

बऱ्याचदा आपण ज्याला भीती म्हणतो, त्यामागे दुखणं असतं. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाचे डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये लिहिलं, की वर्तनाच्या तक्रारी घेऊन त्यांच्याकडे आलेल्या प्राण्यांपैकी, अगदी हात राखून अंदाज केला तरी, एक तृतीयांशांत कुठे ना कुठे वेदना होती. मागचा पाय उचलू न देणाऱ्या सात-आठ वर्षांच्या लॅब्रॅडोरचा खुबा दुखत असू शकतो. कानाला हात लावू न देणाऱ्या कॉकरच्या कानात जंतुसंसर्ग असतो, हे तर पशुवैद्य रोज पाहतात. तेव्हा कुत्रा अचानक घाबरायला लागला असेल, तर नवं सलून शोधण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

औषधांबद्दलही डॉक्टरांशीच बोलावं. फार भित्र्या कुत्र्याला भेटीआधी द्यायची ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन यांसारखी औषधं पशुवैद्य आज वापरतात. आधी घरी एकदा देऊन परिणाम पाहतात, मगच सलूनच्या दिवशी. याउलट ॲसेप्रोमाझिनसारखं जुनं औषध एकटं दिलं तर अंग सुस्त पडतं, भीती मात्र आत तशीच राहू शकते. "थोडं गुंगीचं देऊ का?" असं विचारणारं सलून दिसलं तर कुत्रा घेऊन बाहेर पडावं. गुंगीतल्या शरीराला तापमान सांभाळता येत नाही, आणि हे काम डॉक्टरांशिवाय कुणाचंही नाही. मात्र अंगभर जटा आणि टोकाची भीती असं दोन्ही एकत्र आलं, तर दवाखान्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली भूल देऊन केस काढून घेण्यात कमीपणा मानू नये.

आपल्याकडे साधारण चार तऱ्हांच्या जागा मिळतात. पेट शॉपच्या मागच्या खोलीतलं पार्लर सर्वांत सोपं आणि घाबरट कुत्र्याला बहुधा सर्वांत वाईट: पुढे गिऱ्हाइकांची ये-जा, मागे ओळीने पिंजरे, सगळीकडून भुंकणं. दवाखान्याला जोडलेलं पार्लर म्हाताऱ्या, हृदयविकाराच्या, फिट्स येणाऱ्या कुत्र्यासाठी उत्तम, कारण काही झालं तर डॉक्टर दहा पावलांवर असतात. पण दवाखान्याच्या वासानेच जो थरथरतो, त्याची अर्धी ताकद दारातच संपते. घरी येणारा ग्रूमर ही गेल्या काही वर्षांतली मोठी सोय आहे. प्रवास नाही, दुसरे कुत्रे नाहीत. ॲपवरून मागवलं की दर वेळी नवा माणूस येतो, हा त्यातला दोष; एकाच माणसाला बोलवता येत असेल तरच हा पर्याय घ्यावा. शिवाय घर ही त्याची हक्काची जागा असते. तिथेच वाईट अनुभव आला तर त्याने लपायचं कुठे? सोसायटीच्या फाटकाशी उभी राहणारी व्हॅन एका वेळी एकच कुत्रा घेते, ते चांगलं. पण आतली जागा चिंचोळी आणि बंद असते, जनरेटरचा आवाज असतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत आतला एसी बंद पडला तर काय, हे विचारून ठेवावं. मला विचाराल तर छप्पर कोणतं याला दुय्यम महत्त्व आहे. एक ठरलेला माणूस, त्या वेळात एकच कुत्रा आणि घाई नाही, या तीन गोष्टी जिथे जमतील तिथे जावं.

हे बरंचसं फोनवरच कळतं. तुम्ही विचारण्याआधी ते काय विचारतात ते ऐका. "जात कोणती? वजन किती? चावतो का?" एवढंच विचारून वेळ देणारे पुष्कळ आहेत. "आधी कुठे ग्रूमिंग झालंय? तेव्हा काय झालं? कुठे हात लावलेला आवडत नाही? खायला काय आवडतं?" असं विचारणारे थोडे आहेत, पण आहेत. लसीकरणाचं पुस्तक मागितलं तर राग मानू नका, ती शिस्त सगळ्यांच्याच भल्याची. गोचीडतापाच्या आपल्या मुलखात दोन कुत्र्यांच्या मध्ये टेबल, ब्रश आणि टॉवेल यांचं काय करतात, हेही विचारा. "ताई, टेन्शन घेऊ नका, आपल्याकडे आले की सगळे शांत होतात" हे उत्तर ऐकून निर्धास्त होऊ नये. सगळे कसे शांत होतात, हाच तर आपला प्रश्न आहे.

मालकाने थांबावं की नाही, यावर ग्रूमर मंडळींत मतभेद आहेत. "मालक दिसला की कुत्रा जास्त नाटकं करतो" असं बरेच जण सांगतात, आणि मालक दिसला की तो टेबलावरून उडी मारायला बघतो, कात्री लागू शकते, हे त्यातलं तथ्य मान्य करायला हवं. पण दुसरी बाजूही पुराव्याची आहे. 2017 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दवाखान्यातल्या तपासणीच्या वेळी पाहिलं, की मालक जवळ राहून बोलत, हात फिरवत होता तेव्हा कुत्र्यांच्या हृदयाचे ठोके कमी वाढले आणि टेबलावरून उडी मारायचे प्रयत्नही कमी झाले. भेदरलेल्याला जवळ घेतलं तर त्याची भीती वाढते, ही समजूत निराधार आहे. म्हणून माझा आग्रह असा: पहिल्या दोन-तीन खेपांना आत थांबू द्यावं, निदान काचेतून पाहू द्यावं. तेवढंही चालत नसेल, तर तिथे कुत्रा ठेवू नये.

सुगंधी स्पा, तेल मालिश, बो-टाय, बारीक आवाजातलं संगीत यांवर दरपत्रकाचा बराच भाग खर्ची पडतो. संगीताचा थोडा उपयोग दिसला आहे. ग्लासगो विद्यापीठ आणि स्कॉटलंडच्या प्राणिरक्षण संस्थेच्या 2017 च्या अभ्यासात सॉफ्ट रॉक आणि रेगे ऐकणारे कुत्रे जरा निवांत आढळले. ब्लोअर चालू असताना त्याचा काय उपयोग होणार? अत्तरांचा दर्प तर तीव्र नाकाच्या प्राण्याला उलट नकोच असतो.

प्रमाणपत्रं भिंतीवर दिसतील. अमेरिकी पशुवैद्य सोफिया यिन यांनी 2009 मध्ये कमी ताण देऊन प्राणी हाताळण्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. मार्टी बेकर यांनी उभ्या केलेल्या "फिअर फ्री" चळवळीने पुढे ग्रूमरसाठीही अभ्यासक्रम काढला, आणि तो भारतातूनही करता येतो. असं काही शिकलेला माणूस मिळाला तर चांगलंच. नसेल तरी हात पाहून ठरवावं. कायद्याचा आधार इथे जवळपास नाही. 2017 चे कुत्रे पैदाशीचे नियम आणि 2018 चे पेट शॉपचे नियम पैदास आणि विक्रीपुरते आहेत, नुसतं ग्रूमिंग करणारा त्यांत बसत नाही. 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात विनाकारण यातना देणं गुन्हा आहे, पण त्या कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड आहे दहा ते पन्नास रुपये. इंग्लंडमध्येही कुत्री सांभाळण्याच्या आणि पैदाशीच्या व्यवसायाला परवाना लागतो, ग्रूमिंगला लागत नाही. म्हणजे पारख करायची जबाबदारी सध्या तरी तुमची-माझीच.

आणि तयारीचीही. रोज दोन मिनिटं पंजा हातात घ्यायचा, खाऊ द्यायचा, सोडून द्यायचा. नखं न कापता नुसता नेलकटर पंजाला टेकवायचा. ब्रिटिश प्रशिक्षक चिराग पटेल यांचा "बादलीचा खेळ" घरी सहज जमतो: भांड्यात खाऊ ठेवायचा, कुत्रा त्याकडे पाहत असेल तोवर कानाला, पंजाला हात लावायचा आणि मधून मधून खाऊ द्यायचा, त्याने नजर वळवली की हात काढून घ्यायचा. काही दिवसांत "सुरू करा" की "थांबा", हे तो नजरेने सांगायला शिकतो. पिल्लू असेल तर हे पहिल्या दिवसापासून करावं, कारण नव्या गोष्टी बिनधास्त स्वीकारायचं वय साधारण तीन ते चौदा आठवड्यांचंच असतं. सलूनलाही आधी नुसतं भेटायला न्यावं: दारात खाऊ, चटईवर खाऊ, घरी परत. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पाण्याची वेळ येऊ द्यावी.

तारीख निवडताना पंचांग हाताशी ठेवा. गणपतीआधी महिनाभर पुण्यात ढोल-ताशांचा सराव चालतो, दिवाळीच्या आठवड्यात फटाके. या दिवसांत कुत्रा आधीच ताणलेला असतो, आणि नेमकं सणासाठी नटवायला म्हणून पार्लरं तुडुंब भरलेली असतात. वसुबारसेच्या आदल्या दिवशी न्यायचं ते दसऱ्याच्या आधी नेऊन आणा. शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळची पहिली वेळ घ्या.

परत आल्यावर कुत्र्याकडे लक्ष ठेवा. थकून झोपला तर ठीक. दुसऱ्या दिवशीही जेवत नसेल, हात लावला की दचकत असेल, पोटावर किंवा काखेत लाल चट्टे असतील, तर काहीतरी झालं आहे. तापलेल्या मशीनच्या पात्यानेही चटका बसतो. सर्वांत खरं उत्तर मिळतं ते पुढच्या खेपेला, दारात. जो कुत्रा गाडीतून उतरायलाच तयार नसतो, त्याच्यापुढे पार्लरवाल्याचा अहवाल काय किंवा आपली सोय काय, दोन्ही बाजूला ठेवावं.

एक गोष्ट ग्रूमरच्या बाजूने. हे काम पाठ मोडणारं आहे, चावे खायचं आहे. बरेच तरुण ग्रूमर जुजबी प्रशिक्षणावर, कुत्र्यामागे कमिशनवर काम करतात. दिवसाला जितके कुत्रे, तितके पैसे. अशा हिशेबात जो थांबतो, तो आपल्या खिशातून थांबतो. घाईला सलूनइतकेच आपणही जबाबदार आहोत, कारण आपल्याला दोन तासांत, ठरल्या दरात, फोटोसारखा कुत्रा हवा असतो. म्हणून वाचकांना विनंती आहे. तुमच्या कुत्र्यासाठी कुणी अर्ध्यावर कात्री खाली ठेवली, तर त्या दिवसाचे पूर्ण पैसे द्या, उरलेल्या कामाची पुढची वेळ तिथेच ठरवा, आणि त्या ग्रूमरचं नाव आणखी चार घाबरट कुत्र्यांच्या मालकांना सांगा.